कुटुंबासाठी मध्यम आकाराची सेडान: निवडीच्या प्रश्नाचा आढावा

मध्यम आकाराची सेडान घ्यायला निघालेल्या भारतीय कुटुंबापुढे आज मुख्य नावे चारच आहेत: होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस. पाचवी, मारुती सुझुकीची सियाझ, एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली आणि आता ती जुन्या गाड्यांच्या बाजारातच मिळते. पर्याय इतके थोडे असताना निवड सोपी व्हायला हवी, पण तसे होत नाही. एक तर चारही गाड्या आपापल्या परीने उत्तम आहेत, आणि त्यांच्यातले फरक किमतीपेक्षा स्वभावाचे आहेत. दुसरे म्हणजे, कोणती सेडान घ्यावी याच्याही आधी सेडान घ्यावी का, हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. या लेखात या वादाची पार्श्वभूमी, त्यातल्या मुख्य भूमिका आणि अजून न सुटलेले मुद्दे क्रमाने मांडले आहेत. आकडे आणि श्रेणी २०२५ पर्यंतच्या गाड्यांच्या आहेत.

१. पार्श्वभूमी: घरच्या गाडीपासून हौसेच्या गाडीपर्यंत

पुढे इंजिन, मध्ये माणसे आणि मागे डिकी अशी तीन खणांची गाडी ही कित्येक दशके भारतातली एकमेव कौटुंबिक मोटार होती. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत असे. बंगालमधल्या उत्तरपाड्याहून अँबेसेडर येई. पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे चित्र पालटले. मध्यमवर्गाची पहिली गाडी आता बिनडिकीची, छोटी हॅचबॅक झाली. सेडान ही तिच्यानंतरची पायरी बनली. नोकरीत स्थिरावल्यावर, मुले मोठी झाल्यावर घ्यायची गाडी असे तिचे स्थान ठरले. १९९० मध्ये मारुती १०००, १९९४ मध्ये एस्टीम, १९९५ मध्ये देवू सिएलो आली. जानेवारी १९९८ मध्ये होंडा सिटी बाजारात उतरली, आणि पुढच्या वर्षी ह्युंदाई ॲक्सेंट व फोर्ड आयकॉन आल्या. उदारीकरणानंतरच्या पहिल्या पिढीने याच गाड्यांमध्ये पॉवर स्टिअरिंग, चालता एसी आणि खरा पिकअप अनुभवला.

२००६ मध्ये व्हर्ना आली. २०१०-११ मध्ये फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड या दोन गाड्या पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनू लागल्या. हा डिझेलचा सुकाळ होता. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत झाले नाहीत. दोन्ही इंधनांच्या भावातली दरी रुंदावली तसे गिऱ्हाईक डिझेलकडे वळले. डिझेल असलेली २०११ची व्हर्ना त्यामुळेच सिटीला भारी पडली, आणि होंडाला जानेवारी २०१४ च्या चौथ्या पिढीत डिझेल इंजिन आणावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सियाझ आली आणि काही काळ पहिल्या क्रमांकासाठी तिची व सिटीची चुरस रंगली.

याच काळात या वर्गाला खालून आणि वरून असा दुहेरी दाब बसत होता. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा लहान आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क कमी केले. त्या मर्यादेत बसवण्यासाठी डिकी आखूड केलेल्या सेडान जन्माला आल्या. टाटा इंडिगो सीएस २००८ मध्ये आली, मारुतीने २०१२ मध्ये डिझायर चार मीटरच्या आत आणली, आणि २०१८ मध्ये तीच देशातली सर्वाधिक विकली गेलेली प्रवासी गाडी ठरली. वरच्या बाजूने २०१२ मध्ये रेनो डस्टरने आणि २०१५ मध्ये ह्युंदाई क्रेटाने साधारण तेवढ्याच पैशात उंच गाडी देऊ केली.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष आणि एप्रिल २०२३ मध्ये रस्त्यावरच्या प्रत्यक्ष उत्सर्जनाची अट लागू झाली. डिझेल इंजिन या निकषांत बसवणे महाग पडू लागले, आणि २०२३ मध्ये सिटी व व्हर्ना या दोन्हींतून डिझेल गेले. दरम्यान निसान सनी, फियाट लिनिया, टोयोटा यारिस एकामागून एक बाजारातून बाहेर पडल्या. २०२२ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस, २०२३ मध्ये नवी व्हर्ना आणि सुधारित सिटी आली. आजचा सामना इथून सुरू होतो.

२. पहिला प्रश्न: सेडान की उंच गाडी?

वाहन उद्योगाच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी जवळपास दोन तृतीयांश वाहने एसयूव्ही आणि बहुपयोगी प्रकारातली होती. एवढ्या लोकांच्या पसंतीमागे ठोस कारणे आहेत.

उंच गाडीच्या बाजूने पहिला मुद्दा रस्त्याचा. आपल्याकडचे गतिरोधक मापात बांधलेले नसतात, आणि पावसाळ्यात खड्डा किती खोल आहे हे पाण्यातून दिसत नाही. पाच माणसे आणि सामान भरल्यावर सेडानचे पोट घासते ही तक्रार जुनी आहे. दुसरा मुद्दा गुडघ्यांचा. सेडानमध्ये खाली वाकून बसावे लागते आणि उठताना पायांवर जोर द्यावा लागतो. घरात सत्तरीच्या पुढची माणसे असतील तर हा मुद्दा रोजचा होतो. तिसरा मुद्दा समोरचे लांबवर दिसण्याचा, आणि चौथा जुनी गाडी विकताना मिळणाऱ्या भावाचा.

सेडानच्या बाजूचे मुद्दे शोरूममध्ये दिसत नाहीत, चालवताना कळतात. गाडीचा गुरुत्वमध्य खाली असल्याने वळणावर ती कमी कलते. आंबा घाट किंवा वरंध घाट उतरताना मागे बसलेल्या मुलांना मळमळ कमी होते, यामागचे कारण हेच. समोरून हवेला अडणारा पृष्ठभाग लहान असल्याने महामार्गाच्या वेगात इंधन कमी लागते. हा फरक साठच्या वेगात फारसा जाणवत नाही, पण वेग वाढेल तसा हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० ची, तर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर १२० ची वेगमर्यादा आहे. अशा रस्त्यांवर नियमित जाणाऱ्याला सेडानचा स्थिरपणा आणि बचत दोन्ही लाभतात. शिवाय डिकी वेगळ्या खणात असल्याने सामानाचा आवाज आणि वास आत येत नाही, आणि जोरात ब्रेक लागला तर बॅगा डोक्यावर आदळत नाहीत.

दोन्ही बाजू ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: जमिनीपासूनची उंची सगळ्या सेडानमध्ये सारखी नाही. सिटी आणि व्हर्ना साधारण १६५ मिलिमीटरवर आहेत. स्लाव्हिया आणि व्हर्टस १७९ वर आहेत, आणि क्रेटाची उंची १९० आहे. म्हणजे चाकणमध्येच बनणाऱ्या या दोन गाड्या वादात मधल्या जागी उभ्या आहेत. 'सेडान घासते' हे विधान त्यांना सरसकट लागू होत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र उंच गाडीचे पारडे जड आहे. साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना हवेच्या नळीवाटे पाणी इंजिनात शिरले तर इंजिन जागीच अडकते आणि दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांनी हे पुरते अनुभवले आहे. सखल भागात राहणाऱ्याने सेडान घेतली तर विम्यात इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेणे शहाणपणाचे.

३. दुसरा प्रश्न: कोणते इंजिन?

डिझेल गेल्यावर या वर्गात तीन विचारधारा उरल्या आहेत.

पहिली साध्या पेट्रोल इंजिनाची. सिटीत १.५ लिटरचे, १२१ अश्वशक्तीचे इंजिन आहे. व्हर्नाचे साधे १.५ लिटर इंजिन ११५ अश्वशक्तीचे आहे. टर्बो नसल्याने रचना सुटसुटीत, देखभाल ठाऊक असलेली, आणि शहरातल्या संथ चालीत वागणूक मऊ. या भूमिकेचे समर्थक म्हणतात की गाडी दहा-बारा वर्षे ठेवायची असेल तर कमी भाग म्हणजे कमी चिंता. उणीव चढावर कळते. पाच माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना एक गिअर खाली घ्यावा लागतो आणि इंजिनाचा आवाज वाढतो.

दुसरी विचारधारा टर्बो पेट्रोलची. स्लाव्हिया आणि व्हर्टसमध्ये दोन पर्याय आहेत: १ लिटरचे तीन सिलिंडरचे ११५ अश्वशक्तीचे आणि १.५ लिटरचे चार सिलिंडरचे १५० अश्वशक्तीचे. व्हर्नाचे १.५ लिटर टर्बो १६० अश्वशक्तीचे, या वर्गातले सर्वांत ताकदवान. आकड्यांत महत्त्वाचा आहे तो खेचण्याचा जोर. सिटीचे इंजिन १४५ न्यूटन मीटर देते, चाकणचे १ लिटरचे इंजिन १७८, आणि मोठी टर्बो इंजिने २५० च्या आसपास. तोही कमी फेऱ्यांवर मिळतो, म्हणून ओव्हरटेक करताना समोरून येणाऱ्या ट्रकपुढे अंतर लवकर कापले जाते. स्लाव्हिया-व्हर्टसचे १.५ लिटर इंजिन भार कमी असताना चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवते, त्यामुळे महामार्गावर ॲव्हरेज चांगले मिळते. दुसरी बाजू अशी की टर्बोचे ॲव्हरेज उजव्या पायावर फार अवलंबून असते. गर्दीत आणि घाईत ते झपाट्याने उतरते. १ लिटरच्या इंजिनात अगदी कमी वेगाला थोडा रेंगाळलेपणाही जाणवतो.

तिसरी विचारधारा हायब्रिडची, आणि ती या वर्गात एकट्या सिटीकडे आहे. मे २०२२ मध्ये आलेल्या सिटी ई-एचईव्हीमध्ये शहरात चाके प्रामुख्याने विजेच्या मोटरवर फिरतात आणि इंजिन वीज तयार करते. महामार्गाच्या स्थिर वेगात इंजिन क्लचद्वारे चाकांना थेट जोडले जाते. बाहेरून चार्जिंग लागत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या संस्थेच्या चाचणी पद्धतीनुसार तिचे ॲव्हरेज लिटरला २७ किलोमीटरच्या घरात आहे. साध्या सिटीचा ऑटोमॅटिक आकडा १८.४ आहे. हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत, रस्त्यावर दोन्ही कमी होतात. पण विशेष असे की हायब्रिडचा फायदा थांबत-थांबत चालणाऱ्या गर्दीत सर्वाधिक असतो, आणि नेमके तिथेच इतर गाड्यांचे ॲव्हरेज सर्वांत खाली जाते.

हायब्रिडचा हिशेब मांडून पाहू. शहरात साधी ऑटोमॅटिक १२ आणि हायब्रिड २० किलोमीटर देते, पेट्रोल १०० रुपये लिटर आहे, आणि किमतीतला फरक साडेतीन लाखांचा आहे असे धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे ४०,००० रुपये वाचतात, म्हणजे जादा पैसे वसूल व्हायला जवळपास नऊ वर्षे लागतात. वर्षाला २५,००० किलोमीटर चालवणाऱ्याची बचत ८३,००० च्या वर जाते आणि सव्वाचार वर्षांत वसुली होते. प्रत्येकाने यात आपले आकडे घालून पाहावेत. उत्तर तिथेच मिळेल.

४. तिसरा प्रश्न: कोणता गिअरबॉक्स?

कुटुंबाची गाडी दोघे-तिघे चालवतात आणि शहरांतली कोंडी वाढतेच आहे. त्यामुळे ऑटोमॅटिक ही आता चैन राहिलेली नाही. पण ऑटोमॅटिक एकाच प्रकारचा नसतो, आणि शोरूममध्ये हा भेद क्वचितच नीट समजावला जातो.

सिटीत सीव्हीटी आहे, आणि व्हर्नाच्या साध्या इंजिनाला त्याच धर्तीचा आयव्हीटी. त्यात ठरावीक गिअर नसतात. पट्ट्याच्या आधारे गुणोत्तर सलग बदलते, म्हणून धक्का जाणवत नाही. मागे बसणाऱ्यांसाठी हा सर्वांत सुखद प्रकार. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो, ही त्याची मर्यादा. स्लाव्हिया-व्हर्टसच्या १ लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे. ही रचना जुनी, सिद्ध झालेली आणि गर्दीतली तापमानवाढ सहन करणारी आहे.

मोठ्या टर्बो इंजिनांना ड्युअल क्लच आहे. एक क्लच चालू गिअर धरतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, म्हणून गिअर क्षणात बदलतो. मोकळ्या रस्त्यावर याला तोड नाही. गर्दीत मात्र गाडी इंचाइंचाने सरकवताना क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि तापतो. टिकाऊपणाविषयीची चर्चा मुख्यतः याच मुद्द्याभोवती आहे. कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत सुधारणा केल्या आहेत आणि अनेक मालक समाधानी आहेत. तरी रोज दीड तास ठाणे-मुंबई किंवा हिंजवडीच्या कोंडीत काढणाऱ्याने वाढीव वॉरंटी घेतल्याशिवाय ड्युअल क्लच घेऊ नये, असा सल्ला जाणकार देतात आणि तो रास्त आहे.

५. चौथा प्रश्न: सुरक्षितता

या वर्गात गेल्या काही वर्षांत झालेली सर्वांत चांगली गोष्ट सुरक्षिततेची आहे. चारही गाड्यांत आता सगळ्या श्रेणींत सहा एअरबॅग मिळतात. दहा वर्षांपूर्वी दोन एअरबॅगही वरच्या श्रेणीत मोजून घ्याव्या लागत.

ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या धडक चाचण्यांत स्लाव्हिया आणि व्हर्टस यांना एप्रिलमध्ये पाच तारे मिळाले, प्रौढांसाठी ३४ पैकी २९.७१ गुणांसह. व्हर्नाला ऑक्टोबरमध्ये पाच तारे मिळाले, गुण २८.१८. ताऱ्यांत बरोबरी असली तरी अहवालात एक फरक नोंदला आहे: स्लाव्हिया-व्हर्टसचा सांगाडा स्थिर ठरला, तर व्हर्नाचा अस्थिर, म्हणजे याहून अधिक आघात झेलण्यास असमर्थ. बालसुरक्षेत तिघींचे गुण सारखेच, ४९ पैकी ४२. सिटीच्या सध्याच्या पिढीला आसियान एनकॅपमध्ये पाच तारे आहेत. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने तपासलेली सिटी आधीच्या पिढीची होती आणि तिला चार तारे मिळाले होते.

दुसरी बाजू अपघात टाळण्याची. पुढच्या गाडीचे अंतर ओळखून ब्रेक लावणारी, लेन सोडल्यास सावध करणारी चालक-साहाय्य यंत्रणा सिटी आणि व्हर्नामध्ये आहे, स्लाव्हिया आणि व्हर्टसमध्ये नाही. म्हणून इथे दोन प्रामाणिक भूमिका संभवतात. एक म्हणते, धडक झालीच तर सांगाडा मजबूत हवा. दुसरी म्हणते, धडक होऊच नये यासाठी गाडीने मदत करावी. पुसट पट्टे आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी असलेल्या आपल्या रस्त्यांवर ही यंत्रणा कधी विनाकारण ब्रेक लावते, हा अनुभव खरा आहे. रात्रीच्या लांब प्रवासात थकलेल्या चालकाला तिने सावध केले, हाही अनुभव तितकाच खरा आहे.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे. मागच्या सीटवरचा पट्टा कोणत्याही ताऱ्यांपेक्षा आधी येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या प्रवाशांनाही पट्टा सक्तीचा केला. नियम आला, सवय अजून यायची आहे.

६. पाचवा प्रश्न: मागची सीट आणि डिकी

कौटुंबिक सेडानची खरी परीक्षा मागच्या सीटवर होते. दोन चाकांमधले अंतर पाहिले तर व्हर्ना २,६७० मिलिमीटरसह पुढे आहे, स्लाव्हिया-व्हर्टस २,६५१ वर आणि सिटी २,६०० वर आहे. पण हा आकडा पूर्ण गोष्ट सांगत नाही. सिटीत आतली जागा इतकी नेटकी वापरली आहे की मागे पाय पसरायला भरपूर वाव मिळतो आणि सीटची पाठ आरामशीर कललेली आहे. व्हर्नात पायांना जागा ऐसपैस आहे, पण छत मागे उतरत गेल्याने उंच माणसाच्या डोक्याला ते जवळ येते. स्लाव्हिया आणि व्हर्टसची सीट दोघांना उत्तम धरते. मधल्या तिसऱ्याला मात्र जमिनीवरचा उंचवटा अडतो. तीन प्रौढ नेहमी मागे बसत असतील तर हा फरक निर्णायक ठरू शकतो.

डिकीत व्हर्ना ५२८ लिटर, स्लाव्हिया आणि व्हर्टस ५२१ लिटर, सिटी ५०६ लिटर. गणपतीला कोकणात निघालेल्या चौघांच्या कुटुंबाला यांतली कोणतीही पुरते. अपवाद सिटी हायब्रिडचा: बॅटरी मागे बसवल्याने तिची डिकी ३०६ लिटरची उरते. गावाहून तांदळाची पोती आणि आंब्याच्या पेट्या आणणाऱ्याने हा आकडा विसरू नये.

७. खर्चाचे गणित

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा चार मीटरपेक्षा लांब आणि १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्यांवर उपकरासह लवकरच ४५ टक्के कर झाला. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर तो २९ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि हे दर अनुक्रमे ४० आणि १८ टक्के झाले. मध्यम सेडान त्यामुळे स्वस्त झाली हे खरे, पण डिझायर, अमेझ, ऑरा यांच्याशी असलेले तिचे करातले अंतर १६ वरून २२ टक्क्यांवर गेले, हेही खरे. क्रेटासारखी दीड लिटरची उंच गाडी आधीही सेडानच्याच दराने होती आणि आताही आहे. म्हणजे कराने सेडानला वरच्या बाजूने नव्हे, खालच्या बाजूने अधिक स्पर्धा दिली.

महाराष्ट्रात नोंदणीचा कर पेट्रोल गाडीला दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात १२ टक्के आहे. पंधरा लाखांच्या गाडीवर तो एक लाख ऐंशी हजार होतो, आणि विमा वेगळा. म्हणून तुलना नेहमी ऑन-रोड किमतीची करावी. राज्याने विजेच्या गाड्यांना कर आणि टोलमध्ये सवलत दिली आहे, हायब्रिडला ती नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये अशा हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. एकच सिटी दोन राज्यांत किती वेगळ्या भावात पडू शकते, हे यावरून दिसते.

सर्व्हिसच्या बाबतीत ह्युंदाईचे जाळे या चौघांत सर्वांत पसरलेले आहे. होंडाची ख्याती कमी कटकटीच्या इंजिनाची आहे. स्कोडा-फोक्सवॅगनने सुटे भाग भारतात बनवून देखभाल खर्च पूर्वीपेक्षा आटोक्यात आणला आहे, पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला त्यांचे सर्व्हिस सेंटर अजून लांब पडते. फॅक्टरीतून सीएनजी बसवून मिळणारी गाडी मात्र यांत एकही नाही. तो पर्याय हवा असणाऱ्याला लहान सेडानकडेच जावे लागते.

८. अजून न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा चाचण्यांच्या तुलनेचा. ग्लोबल एनकॅप, आसियान एनकॅप आणि ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेली आपली भारत एनकॅप यांच्या पद्धती आणि काळ वेगळे आहेत. चारही गाड्या एकाच निकषावर, एकाच काळात तपासल्या गेल्या तरच ताऱ्यांची तुलना निर्विवाद होईल.

दुसरा मुद्दा इथेनॉलचा. २०२५ मध्ये देशभर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या रचनेच्या चारचाकींत ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. नव्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या आहेत, पण जुनी सियाझ किंवा चौथ्या पिढीची सिटी घेणाऱ्याला हा प्रश्न सतावतो. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने इथेनॉल दिलासा आहे, वाहनमालकाच्या दृष्टीने खर्च. दोन्ही हिशेब एकत्र मांडून वाहनमालकाला सांगितले जायला हवेत.

तिसरा मुद्दा टिकाऊपणाचा. थेट इंधन फवारणारी टर्बो इंजिने, ड्युअल क्लच आणि हायब्रिडची बॅटरी पंधरा वर्षांनी आपल्या उष्णतेत कशी राहते, हे काळच सांगेल. साध्या इंजिनाला हा पुरावा मिळालेला आहे, वीस वर्षांपूर्वीच्या सिटी आजही रस्त्यावर आहेत.

चौथा मुद्दा या वर्गाच्या भवितव्याचा. विक्री घटली की कंपन्या नव्या पिढीवर पैसा लावत नाहीत, आणि नवे काही आले नाही की विक्री आणखी घटते. व्हर्टसने अलीकडे या वर्गात आघाडी घेऊन दाखवले की चालवण्याची आवड असलेले गिऱ्हाईक अजून आहे. ते पुरेसे आहे का, याचे उत्तर नाही.

९. निष्कर्ष

या आढाव्यातून एकच सर्वोत्तम गाडी हाती लागत नाही, पण चार स्पष्ट शिफारशी लागतात. आई-वडिलांना मागे बसवून शहरात फिरणाऱ्या, गाडी दहा-बारा वर्षे ठेवणाऱ्या कुटुंबाने साधी पेट्रोल सिटी ऑटोमॅटिकमध्ये घ्यावी. रोजचा गर्दीतला प्रवास मोठा असेल, वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या वर जात असेल आणि डिकीची गरज कमी असेल तर सिटी हायब्रिड. सोयी, जागा, चालक-साहाय्य आणि जवळचे सर्व्हिस सेंटर यांचा मेळ हवा असेल तर व्हर्ना. स्वतः चालवण्याची आवड, घाट-महामार्गाचा प्रवास, मजबूत सांगाडा आणि जमिनीपासून जरा अधिक उंची हवी असेल तर स्लाव्हिया किंवा व्हर्टस. या दोघींत निवड करताना रूप, किंमत आणि जवळचे सर्व्हिस सेंटर एवढेच पाहावे, कारण त्यांचा पाया एकच आहे. आणि घरासमोर दर पावसाळ्यात पाणी साचत असेल किंवा घरातल्या ज्येष्ठांना वाकून बसणे अवघड असेल, तर मनात सेडान कितीही भरली तरी उंच गाडी घ्यावी.

सही करण्याआधी टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या रस्त्यावर घेऊ नका. गाडी आपल्या घरापर्यंत आणा, सगळे कुटुंब बसवा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागे बसायला आणि उतरायला सांगा, आणि गल्लीतल्या सर्वांत उंच गतिरोधकावरून ती भरल्या गाडीने न्या. मागे बसणाऱ्या प्रत्येकाचा पट्टा लागतो का, तेही त्याच वेळी पाहा.